बाळाला ऐकू येत नाही असं कळल्यावर: आयाबाया नेहमी विचारतात ते प्रश्न

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवतात ते ऐकण्याचं यंत्र), डाव्या कानाला मशीन, म्हणजे श्रवणयंत्र. आम्ही तासगावकडचे, द्राक्षबाग आहे, घरात मी, हे, आत्ती (आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात) आणि दोन पोरं. टेस्ट, थेरपी (ऐकायला-बोलायला शिकवतात ती), मॅपिंग (इम्प्लांटचा आवाज जुळवणं) यासाठी मिरजेला एवढ्या फेऱ्या झाल्या की काही कंडक्टर तिला नावानं हाक मारतात. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी दुसऱ्या आयांना जे विचारलं आणि आता नवीन आलेल्या आया मला जे विचारतात ते सगळं इथं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, आई आहे, त्यामुळं मशीन कुठलं, ऑपरेशन करायचं का, हे तुमच्या ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन लावून देणारे) आणि कानाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

बाळ आवाजाला बघतंय की, मग टेस्ट कशाला करायची?

आम्ही इथंच फसलो म्हणून हे सगळ्यात आधी. आत्ती पाठीमागं स्टीलचं ताट आपटायच्या आणि लेक वळून बघायची, सगळे म्हणायचे बघा, येतंय की ऐकू. नंतर एकदा ती झोळीत असताना मी तेच ताट लांबून वाजवलं, जमिनीला न टेकवता, तिच्या नजरेत न येता, तर पापणीसुद्धा हलली नाही. तेव्हा कळलं की ती आवाजाला नव्हे, फरशीच्या हादऱ्याला नाहीतर भिंतीवरच्या सावलीला वळत होती. उसाच्या सीझनला रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी लावून जातात ना, त्यालाही ती हातपाय उडवायची. त्या स्पीकरचा दणका छातीत बसतो, त्याला कान लागत नाही.

दुसरी फसगत अशी की बहिरं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, हसतं, ओरडतं. पुढं जेव्हा बाबाबा, दादादा असं लांबलचक सुरू व्हायला पाहिजे तेव्हा ते गप्प गप्प होत जातं, आणि आपण म्हणतो शांत आहे हो पोरगी, कसला त्रास नाही.

आणि ज्यांना थोडं ऐकू येतं त्यांचं तर अजून उशिरा कळतं. दार आपटलेलं ऐकू येणं वेगळं आणि स्वयंपाकघरातनं मारलेली "ये गं" अशी हाक ऐकू येणं वेगळं. ताट, टाळी, खुळखुळा यानं ठरवू नका, टेस्टच करा.

कुठली टेस्ट असते? बाळाला दुखतं का?

अजिबात दुखत नाही. पहिली ओएई. कानात छोटी मऊ बोंडी ठेवतात, आवाज सोडतात, आणि आतला कान त्याला जो बारीक प्रतिसाद देतो तो मशीन टिपतं. काही मिनिटांचं काम. त्यात 'पास' नाहीतर 'रेफर' येतं. रेफर म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही, कानात मळ किंवा पाणी असलं तरी रेफर येतं, पण म्हणून कागद घडी घालून कपाटात ठेवू नका, सांगितलेल्या तारखेला परत जा.

मग बेरा. कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवतात आणि आवाज नसेतनं मेंदूपर्यंत पोचतोय का ते बघतात. त्याला बाळ गाढ झोपलेलं लागतं आणि खरी परीक्षा तिथं असते. आम्ही पहिल्यांदा सकाळच्या एसटीनं गेलो, लेक गाडीतच झोपली आणि टेस्टच्या वेळी टक्क जागी, ती फेरी वाया. दुसऱ्या वेळी आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवलं, गाडीत खिडकीशी धरून बसले, झोपू दिलं नाही, आणि तिथं पोचल्यावर अंगावर पाजून झोपवलं. झोपेचं औषध लागलंच तर तिथं, डॉक्टरांसमोरच द्यायचं, घरातनं पाजून आणायचं नाही.

एक लक्षात ठेवा, बाळ पेटीत होतं, कावीळ जास्त वाढली होती, तर नुसत्या ओएईवर समाधान मानू नका, बेरा करायला सांगा. काही मुलांचा आतला कान ठीक असतो पण पुढं नसेत गडबड असते, ते ओएईत दिसत नाही.

वेळेचा हिशोब एक-तीन-सहा असा सांगतात. पहिल्या महिन्यात पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत मशीन आणि थेरपी सुरू. आमचं निदान चौदाव्या महिन्यात झालं.

आमचे हेसुद्धा चार वर्षांचे झाल्यावर बोलायला लागले म्हणे. थोडं थांबलं तर?

नका थांबू. आम्हाला एका डॉक्टरांनी सांगितलं, उशिरा बोलतात काही मुलं, दीड वर्षापर्यंत बघा. आम्हाला तेच ऐकायचं होतं म्हणून आम्ही काही महिने ऐकलं. मेंदू भाषा उचलतो ती पहिल्या तीन-चार वर्षांत सगळ्यात जोरात, ते दिवस परत आणता येत नाहीत. टेस्ट करून सगळं नॉर्मल निघालं तर एक दिवस गेला आणि एसटीचं भाडं गेलं, एवढंच.

आमच्या घरात कुणी बहिरं नाही, मग हे आलं कुठनं?

बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, त्यामुळं घरात कुणी नाही याला काही अर्थ नाही. कारणं बरीच आहेत: गरोदरपणात झालेला रुबेला किंवा सीएमव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग, दिवस भरायच्या आधी जन्म, जन्मताना श्वास कमी पडणं, जास्त कावीळ, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधं. आणि मोठा वाटा जीन्सचा. कनेक्सिन २६ नावाचं प्रोटीन बनवणाऱ्या जीनमध्ये दोष असतो तो जगभरात सगळ्यात जास्त सापडतो. आईकडं एक सदोष, बापाकडं एक सदोष, दोघांनाही चांगलं ऐकू येतं, पण बाळाला दोन्ही सदोष मिळाले की बाळ बहिरं.

आपल्याकडं मामाची पोरगी, आत्याचा पोरगा अशी लग्नं अजून होतात. माझंही तसंच, आत्ती म्हणजे माझी खरीच आत्या. एकाच घराण्यातले म्हणून तोच दोष दोघांकडं असायची शक्यता वाढते. हे मी स्वतःला किंवा कुणाला दोष द्यायला सांगत नाही, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जेनेटिक टेस्ट आणि सल्ला घ्या म्हणून सांगते. आम्ही घेतला. धाकट्याचं ओएई तिसऱ्या दिवशी झालं.

ग्रहणात भाजी चिरली, अमुक खाल्लं, दृष्ट लागली, यानं कान जात नाहीत. बाळंतिणीला हे ऐकवणाऱ्यांना घरातल्या पुरुषांनी तिथल्या तिथं थांबवावं. माझ्यासाठी आमच्या सासऱ्यांनी थांबवलं होतं, ते आता नाहीत, पण मी विसरले नाही.

रिपोर्टवर डेसिबल लिहिलंय, ते काय समजायचं?

डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा. आपलं रोजचं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास, कुजबुज ३० च्या. रिपोर्टवर ९० लिहिलंय म्हणजे ९० टक्के बहिरं नव्हे, तेवढा मोठा आवाज असला तरच पोचतो. २६ ते ४० सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यमपेक्षा जास्त, ७१ ते ९० तीव्र, त्याच्यापुढं अतितीव्र.

पण नुसता आकडा बघू नका, कुठल्या पट्टीतलं जातंय ते विचारा. काही मुलांना जाडे आवाज येतात आणि बारीक जातात, म्हणजे स, श, थ, फ असले. आता मराठीत हा 'स' किती महत्त्वाचा आहे बघा. "जेवलीस का?" आणि "जेवली का?", एक तिला विचारलेलं आणि एक तिच्याबद्दल दुसऱ्याला विचारलेलं. माझी लेक बरेच दिवस मला "आई, तू आली?" म्हणायची, मला वाटायचं लाडात बोलते. तिला तो शेवटचा स कधी ऐकूच आला नव्हता. ला, त, नं, चा हे शेपटासारखे लागणारे तुकडे आपण इतके हळू बोलतो की मुलाच्या कानातनं निसटतात, आणि मग ते "आई शाळा जा" असं बोलतं. लोकांना वाटतं अक्कल कमी आहे. अक्कल पूर्ण असते, तुकडा ऐकू आलेला नसतो.

मशीन लावलं की लगेच बोलेल ना?

नाही. जन्मलेल्या बाळाला आपण वर्षभर बोलतो तेव्हा ते एक शब्द बोलतं. मशीन लावलेला दिवस म्हणजे ऐकण्याचा जन्मदिवस, वय तिथनं मोजायचं. तीन वर्षांच्या पोराला काल मशीन लावलं तर कानानं ते एका दिवसाचं आहे. "बोल, बोल की, म्हण आई" असं मागं लागू नका, आधी भरपूर ऐकू दे.

मशीन काढून फेकते, काय करू?

सगळीच फेकतात. आमच्या लेकीनं एकदा म्हशीच्या आंबोणात टाकलं होतं, यांनी पाटी उपसून शोधून काढलं. उपाय म्हणजे मशीनला दोरी लावून ती फ्रॉकला पाठीमागं पिननं अडकवायची, म्हणजे काढलं तरी हरवत नाही. काढलं की न रागावता परत घालायचं, पुन्हा काढलं की पुन्हा. सुरुवातीला जेवताना, गाईवासरू बघताना, म्हणजे तिचं चित्त दुसरीकडं असेल तेव्हा घालायचं आणि तास वाढवत न्यायचे, जागी आहे तोपर्यंत कानात पाहिजे. पण एकच कान सारखा ओढत असेल तर मोल्ड (कानाच्या मापाचा साचा, कानात बसतो तो) टोचतोय का, कान लाल झालाय का, आवाज जास्त सेट झालाय का हे दाखवून घ्या.

मशीन शिट्टी मारतंय म्हणजे बहुतेक मोल्ड सैल झालाय. लहान बाळाचा कान भराभर वाढतो, सुरुवातीला तीन-चार महिन्यांत नवा मोल्ड लागतो, तो खर्च धरूनच चाला.

बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या मग घाला, जास्त टिकते. आणि बॅटरीचं झाकण लॉक होणारं घ्या. बॅटरी गिळली तर पडेल बाहेर आपोआप म्हणून वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा, आतून जळतं.

पावसाळ्यात रात्री मशीन घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या गोळ्यांसोबत ठेवा. तांदळात ठेवू नका, भुसा आत जातो.

रोज घरी तपासायचं कसं की मशीन नीट चाललंय?

सहा आवाज आहेत: म, ऊ, आ, ई, श, स. जाड्यापासून बारकापर्यंत सगळी पट्टी त्यात येते. सकाळी मशीन घातलं की तिच्या मागं किंवा तोंडापुढं कागद धरून एकेक आवाज काढायचा, ऐकला की तिनं डब्यात एक मणी टाकायचा, बोलायला लागल्यावर तिनं तोच आवाज परत म्हणायचा. दोन मिनिटं लागतात. एका सकाळी 'स'ला मणी पडेना, दोनदा केलं तरी नाही, बघितलं तर मोल्डच्या नळीत घामाचं पाणी. नाहीतर तो अख्खा दिवस शाळेत तसाच गेला असता.

कॉक्लिअर इम्प्लांट कधी करतात? पैसे कसे जमवायचे?

तीव्र किंवा अतितीव्र बहिरेपण असेल आणि चांगली मशीनं नीट लावून, थेरपी देऊनही फायदा होत नसेल तेव्हा. ऑपरेशनमध्ये आतल्या कानात इलेक्ट्रोडची तार घालतात, बाहेर कानामागं प्रोसेसर आणि डोक्याला लोहचुंबकानं चिकटणारी चकती. टाके सुकल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांनी स्विच ऑन करतात. त्या दिवशी लेक हसेल म्हणून आम्ही मोबाईल धरून बसलो होतो आणि ती घाबरून रडली. रडणं म्हणजे आवाज पोचला, ते चांगलंच असतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मीही रडले नसते. पुढं महिनोनमहिने मॅपिंग, म्हणजे कुठल्या तारेला किती करंट ते हळूहळू जुळवणं.

बाजारात हे सगळं लाखांत जातं. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत लहान मुलांना मोफत मिळतं, उत्पन्नाची आणि वयाची अट आहे, जन्मापासून बहिऱ्या मुलासाठी पाच वर्षांच्या आतच. त्याचं काम मुंबईत बांद्र्याची अली यावर जंग संस्था बघते. शिवाय अंगणवाडी-शाळेत तपासणीची गाडी येते ना, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून सुरू आहे, त्या पथकाला सांगा, ते जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवतात. वयाची अट असल्यामुळं कागद गोळा करण्यात वर्ष घालवू नका. आमचं दाखल्यांपायी पाच महिने गेले.

ऑपरेशन फुकट झालं तरी वॉरंटी संपल्यावर वायर, कॉईल, प्रोसेसर यांचा खर्च आपल्या अंगावर येतो, ते आधीच विचारून घ्या. आम्ही दरवर्षी बेदाण्याच्या पट्टीतनं थोडे बाजूला काढतो. ऑपरेशनआधी न्यूमोकोकलची (मेंदूज्वरापासून जपणारी) लस विचारा, आणि पुढं कधी एमआरआय सांगितला तर इम्प्लांट आहे हे आधी बोला.

घरात नक्की करायचं काय? थेरपी तर आठवड्यातनं एकदाच असते.

हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न. थेरपिस्ट आठवड्याला पाऊण तास भेटते, उरलेला आठवडा मूल आपल्याकडं असतं. वेगळी खेळणी, कार्डं आणली नाहीत तरी चालेल, जे काम करताय तेच तोंडानं बोलत करा.

मी लेकीला भाकरी करताना कट्ट्यावर, चुलीपासनं लांब, इम्प्लांटचा कान माझ्याकडं करून बसवायची. "पीठ घेतलं. पाणी ओत. थोडंच हं. आता मळ, मळ, मळ. थाप, थाप, थाप. तव्यावर टाकली. वरनं पाणी फिरव. उलटली. बघ हं… फुगली!" रोज तेच, त्याच क्रमानं, फक्त "बघ हं" नंतर थांबायचं. आठ महिने झाले असतील स्विच ऑनला, एक दिवस आत्ती दूध घेऊन आल्या म्हणून मी मान वळवली, भाकरी निखाऱ्यावर, आणि मागनं आवाज आला, "फुगी". वळून बघितलं तर भाकरी खरंच टम्म फुगली होती आणि ती बोट करून दाखवत होती. तिचा पहिला शब्द आई नव्हता, फुगी होता. मी भाकरी जळू दिली.

नुसती नावं शिकवू नका, हा कप, ही वाटी. मळ, ओत, सांड, लपव, दे, नको, संपलं हे पण आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोला, तोडून तोडून किंवा ओरडून नको, ओरडल्यावर तोंड वाकडं होतं आणि आवाज फाटतो. दोन हात अंतरावरनं, तोंडासमोर उजेड ठेवून. टीव्ही बंद. आणि ती काही म्हणाली, कितीही वाकडं, तर चुकलं म्हणू नका, तेच नीट करून परत म्हणा: "फुगी" म्हणाली की "हो, भाकरी फुगली!"

ओठांवर भरवसा ठेवू नका. पाय, बाय, माय ओठांवर एकसारखे दिसतात, आरशात बघून बोला.

खुणा केल्या तर बोलायचा आळस करेल का?

आम्हाला एका ठिकाणी सांगितलं, खुणा बिलकुल नको, हात बांधल्यासारखे ठेवा. वर्षभर तसंच केलं आणि याचं मला आजही वाईट वाटतं. एका रात्री ती दोन तास भिंतीवर डोकं आपटत होती, कान दुखतोय का पोट हे सांगायला तिच्याकडं ना शब्द होता ना खूण. त्या रात्रीनंतर आम्ही दुखतंय, पाणी, भूक, भीती, संपलं अशा खुणा सुरू केल्या आणि तिचा आकांत कमी झाला, बोलणं थांबलं तर नाहीच.

सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. मशीन-इम्प्लांटचा फायदा न होणाऱ्या मुलासाठी तर तीच मुख्य भाषा. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालं, त्यांचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मोबाईलवर फुकट बघता येतो. बोलणं का खुणा या भांडणात पोराला तीन-चार वर्षं कुठल्याच भाषेविना ठेवू नका, बहिरेपणापेक्षा ते जास्त नडतं.

साध्या शाळेत घालावं का खास शाळेत?

मूल बघून ठरवा. ऐकून समजण्याइतकी भाषा झाली असेल तर साधी शाळा, नसेल तर कर्णबधिरांची शाळा, आणि तिकडं घातलं म्हणजे हार झाली असं काही नाही, तिथं मुलाला आपल्यासारखी मुलं भेटतात. आमची झेडपीच्या शाळेत आहे. बाईंना मी पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून दिलं होतं: फळ्याकडं तोंड करून बोलू नका, पाठीमागं खिडकीचा उजेड घेऊन उभ्या राहू नका, "समजलं का?" विचारलं तर ती हो म्हणणारच, त्याऐवजी काय समजलं ते विचारा. श्रुतलेखन फिरत फिरत घालतात ते बाई आता तिच्या बाकाशी उभ्या राहून घालतात. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तिला काहीच कळत नाही, तेव्हा शेजारची मैत्रीण बोट ठेवून ओळ दाखवते, हे त्या दोघींनी स्वतःच ठरवलं.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढावं का? शिक्का बसेल म्हणून घरचे नको म्हणतात.

काढा. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ, एसटीत सवलत, स्कॉलरशिप, सगळं त्यावर आहे. अर्ज यूडीआयडीच्या (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या) साईटवर, तपासणी सरकारी दवाखान्यात. लहान मुलाचं मुदतीचं मिळतं, तारीख लिहून ठेवा. आणि मुकी, बहिरी अशी हाक कुणी मारली तर मी थांबवते, तिला नाव आहे.

कानात तेल घातलं तर चालतं का?

नाही. तेल, दूध, कुठलाच रस नाही. कान वाहत असेल तर कापसानं बाहेरचं पुसून डॉक्टरांकडं. वाहणारा कान किंवा पडद्यामागचं पाणी यानं आहे ते ऐकूही कमी होतं आणि बऱ्याचदा ते उपचारानं भरून येतं.

रात्री मशीन काढल्यावर काय करता?

काढलं की ती पूर्ण शांततेत जाते आणि वर लाईट गेली तर ओठही दिसत नाहीत, म्हणून लहानपणी खूप घाबरायची. आम्ही चार्जिंगचा एक छोटा दिवा कायम लावून ठेवतो. मशीन काढायच्या आधी उद्याचं सगळं बोलून घेतो, शाळा आहे का, डब्याला काय, कोण येणार. काढल्यावर तळहाताच्या खुणा ठरल्यात, एकदा दाबलं म्हणजे मी इथंच आहे, दोनदा म्हणजे पाण्याला जाऊन येते. परवा लाईट गेली तेव्हा धाकटा रडायला लागला, अंधारात तिला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण गादी हलली तेवढ्यावर ती उठली, चाचपडत त्याचा हात शोधला आणि एकदा दाबला.